मागून येतंय

पाथरी सोडल्यावर डांबरही सोडलं
आणि कालव्याच्या भरावावर चढलो.
मुरूम. दोन चाकोऱ्या. मधोमध कुसळीचं गवत.
इथं हॉर्न वाजवायला कुणी नाही.
वाजलाच असता, तर टिटव्यांनी भांडण काढलं असतं.

अलीमोद्दीन पुढं, मी मागं.
परभणी डेपोत इंजिनाखाली पाठीवर झोपून काढलेली
एकतीस वर्षं त्यानं कानांतच ठेवलीत.
उजवा गेला, डावा मर्जीनं चालतो.
मी कंडक्टर. बावीस वर्षं
रस्त्याकडं पाठ करून उभी, सुट्टे मोजत.
ही गंगथडी मी खिडकीखिडकीतून बघितली,
तिकिटासारखी, फाडून फाडून.
आज अख्खी आहे.

ज्वारी पोटऱ्यात आलेली.
कापसाच्या तिसऱ्या वेचणीला वाकलेल्या बाया,
त्यातली एक उभी राहून आमच्याकडं बघते,
कमरेवर हात, ओट्यात कापूस,
"कुनाच्या लग्नाला निघालाव?"
आणि तिच्या पलीकडं कुठंतरी गंगा.
दिसत नाही. जमीन तिच्याकडं इतकी थोडी कललीय
की डोळ्याला नाही, मांडीला कळतं.

सवयीनं मी घंटी दोनदा वाजवते: चला.
त्याला कुठलं ऐकू! तो चाललेलाच आहे.
एकदा वाजवते: थांबा.
तरी चाललेलाच.

दुपारी लिंबाखाली भाकरी सोडली.
त्यानं माझ्या हँडलवर दोन बोटं ठेवली,
दुसऱ्या हातानं पायडल फिरवलं,
"मास्तर, चैन कोरडी हाय. कवापासून बोंबलतीय."
मी सकाळपासून ऐकत होते,
मला वाटलं, रानातला कुठला पक्षी.
चटणीवर घ्यायचं करडईचं तेल
आधी चैनीला दिलं, उरलं ते भाकरीला.

ऊन पाठीशी आलं तसं एक बरं झालं.
माझी सावली लांब होत होत
त्याच्या पुढच्या चाकापर्यंत पोचली.
आता मी हात वर केला
की तो ब्रेक दाबतो.
बेलची दोरी नाही, काही नाही.

असाच हात वर केला एकशे अठ्ठाविसाच्या दगडापाशी.
कालव्यातलं पाणी शेजारून येतच होतं,
गढूळ, आमच्या नादाला न लागता.
आता ते उथळ झालं, मग टीचभर,
मग संपलं.
म्हणजे पाण्याचं टोक.
वर दार उघडून किती दिवस झाले असतील,
कोरड्या तळावरून ते सरकत होतं,
पुढं फेस, काडीकचरा, एका पायातली चप्पल,
भेगांत शिरायचं, गुळगुळ करायचं, भरलं की पुढची भेग.
आणि पुढं बगळे, उंदरांच्या आशेनं,
वरातीतल्या पाहुण्यांसारखे उलटे चालत.

त्याच्या बरोबरीनं जायचं ठरवलं.
शाळेत स्लो सायकलची शर्यत असायची तशी,
पाय न टेकता, हँडल थरथरवत.
अलीमोद्दीन दोनदा टेकला, मी तीनदा.
पाणी एकदाही नाही.
गुळगुळ त्याला ऐकू येत नव्हती
तर उतरून तळात गेला
आणि चप्पल काढून पाण्याच्या वाटेत उभा राहिला.
"आलं," म्हणाला.
मी एवढंसं वळून उगीच दुसरीकडं बघितलं.

मग अंधाराच्या आत मुक्कामाला पोचायचं म्हणून
पाण्याला मागं टाकून निघालो.
पुढच्या चारीच्या तोंडाशी एक पोरगी बसलेली,
शाळेचाच गणवेश, मांडीवर वही, शेजारी फावडं.
आज त्यांची पाळी.
"कुठवर आलंय?"
"मागून येतंय," मी म्हणाले
आणि मलाच हसू फुटलं.
बावीस वर्षं फाट्याफाट्यावर दारातून ओरडले,
मागून दुसरी येतीय, रिकामीच हाय!
कधी येत असे. पुष्कळदा नसे.

पोरीनं विश्वास ठेवला नाही.
वही मिटली, फावड्याच्या दांड्यावर हनुवटी टेकवली
आणि वरच्या अंगाला बघत राहिली.
आम्हीही थांबलो, एक पाय जमिनीवर.
आधी दोन बगळे दिसले.